टेराफॉर्मने कुबरनेटीसमध्ये कोटा कसा लावायचा आणि अप्लाय दहा मिनिटं का लटकतं

एका कुबरनेटीस क्लस्टरवर (कंटेनरमधली ॲप चालवणाऱ्या मशीनचा गट) तीन-चार टीम नांदत असतील तर आज ना उद्या कोणीतरी एकजण सगळी मेमरी खाऊन बसतो आणि बाकीच्यांचे पॉड (ॲपचे कंटेनर चालवणारं सगळ्यात छोटं एकक) पेंडिंगमध्ये पडून राहतात. उपाय कुबरनेटीसमध्येच आहे, प्रत्येक टीमला वेगळी नेमस्पेस (क्लस्टरमधला स्वतंत्र कप्पा) द्यायची आणि तिला कोटा (किती सीपीयू-मेमरी वापरता येईल याची हद्द) लावायचा. हे क्यूबसीटीएल (कुबरनेटीसची कमांड) मारून हाताने पण होतं, पण सहा महिन्यांनी आकडा कोणी वाढवला, कधी वाढवला, कशासाठी वाढवला हे कोणालाच सांगता येत नाही. टेराफॉर्म म्हणजे काय हवं ते कोडमध्ये लिहिलं की तसं बनवून देणारं साधन, प्लॅन काय बदलणार ते दाखवतो आणि अप्लाय तो बदल करतं. टेराफॉर्ममध्ये तोच आकडा गिटमध्ये राहतो, वाढवायचा तर पुल रिक्वेस्ट टाकावी लागते आणि समोरचा विचारतो की एवढं कशाला पाहिजे. मला तेवढ्यासाठीच हा रस्ता पटतो.

आधी प्रोव्हायडर, म्हणजे टेराफॉर्मला क्लस्टरशी बोलू देणारा प्लगइन. क्लस्टर उभा करणारा कोड आणि क्लस्टरच्या आतल्या गोष्टींचा कोड दोन वेगळ्या फोल्डरमध्ये, दोन वेगळ्या स्टेटमध्ये (टेराफॉर्मने काय बनवलं याची नोंद) ठेवा. एकत्र ठेवलं की प्लॅनच्या वेळी प्रोव्हायडरला क्लस्टरचा पत्ताच माहीत नसतो, मग तो आपल्याच मशीनच्या लोकलहोस्टवर जाऊन धडकतो आणि कनेक्शन रिफ्यूज्ड म्हणून एरर येते, बघणाऱ्याला वाटतं क्लस्टरच पडला. लॅपटॉपवरून चालवत असाल तर क्यूबकॉन्फिगचा (क्लस्टरचे पत्ते आणि लॉगिन असलेली फाइल) पाथ देऊन थांबू नका, कॉन्टेक्स्टचं (त्या फाइलमधला कोणता क्लस्टर ते सांगणारी नोंद) नाव पण स्पष्ट लिहा, नाहीतर मघाशी प्रॉडक्शन बघत होतात आणि आता स्टेजिंगचं अप्लाय तिकडेच गेलं असं होतं. ईकेएस (ॲमेझॉनची कुबरनेटीस सेवा) असेल तर लॉगिनचं टोकन १५ मिनिटंच टिकतं, म्हणून टोकन चिकटवण्यापेक्षा एक्झेक ब्लॉक वापरा, तो दरवेळी ताजं टोकन आणतो.

स्टेट फाइल लॅपटॉपवर ठेवू नका. आमची एस३ च्या (ॲमेझॉनची फाइल साठवण) मुंबई रीजनमधल्या बकेटमध्ये असते, आणि टेराफॉर्म १.१० पासून लॉक (दोघांनी एकाच वेळी बदल करू नये म्हणून) पण त्याच बकेटमध्ये ठेवता येतं, त्यासाठी वेगळं डायनॅमोडीबी टेबल लागत नाही. एक लक्षात ठेवा, सिक्रेट रिसोर्समध्ये नेहमीसारखा डेटा भरला तर पासवर्ड स्टेटमध्ये उघडा दिसतो, तेव्हा बकेट कोणाकोणाला वाचता येते ते आधी बघा.

आता कोटा. समजा पेमेंट टीमची नेमस्पेस आहे. रिसोर्स कोटाच्या ब्लॉकमध्ये मी तीनच गोष्टी लावतो: सीपीयूची रिक्वेस्ट, मेमरीची रिक्वेस्ट आणि मेमरीची लिमिट. रिक्वेस्ट म्हणजे पॉडसाठी राखून ठेवलेला भाग, लिमिट म्हणजे त्याची कमाल हद्द. सीपीयूच्या लिमिटवर कोटा लावत नाही, कारण तो लावला की प्रत्येक पॉडला सीपीयू लिमिट द्यावीच लागते आणि मग नोड रिकामा असूनसुद्धा ॲप थ्रॉटल होऊन (सीपीयू आखडून मिळून) हळू चालतं. मेमरीचं तसं नाही, मेमरी लिमिटच्या पुढे गेली की कंटेनर मारला जातो, एक्झिट कोड १३७ दिसतो, तिथे हद्द पाहिजेच. मेमरीची रिक्वेस्ट आणि लिमिट सारखीच ठेवली तर हिशोब सरळ राहतो.

आकडे लिहिताना एककाकडे नीट बघा. सीपीयूमध्ये १००० एम म्हणजे एक कोअर, म्हणून २५० एम म्हणजे पाव. पण मेमरीत तोच छोटा एम लिहिला तर तिथे पण त्याचा अर्थ मिलीच होतो, १२८ एम म्हणजे एक बाइटसुद्धा नाही! मेमरीला एमआय किंवा जीआय लिहायचं. प्लॅनमध्ये ही चूक सहज नजरेतून सुटते.

कोटा लावला की पुढचा नियम आपोआप लागू होतो, ज्या पॉडमध्ये रिक्वेस्ट लिहिलेली नाही तो पॉड एपीआय सर्व्हर घेतच नाही. म्हणून कोटाच्या जोडीला लिमिट रेंज द्या, म्हणजे कोणी आकडे लिहायला विसरलं तर डिफॉल्ट लागतात, आम्ही सीपीयूला १०० एम रिक्वेस्ट आणि मेमरीला २५६ एमआय ठेवतो. हे डिफॉल्ट पॉड बनताना पॉडवर लागतात, डिप्लॉयमेंटवर (कोणते आणि किती पॉड हवेत ते सांगणारी व्याख्या) नाही, त्यामुळे प्लॅनमध्ये उगाच फरक दिसत नाही. आणि आधीपासून चालू असलेल्या पॉडना ते लागत नाहीत. टेराफॉर्म मात्र ज्यांचा एकमेकांशी संबंध दिसत नाही ते रिसोर्स एकाच वेळी बनवायला घेतो, म्हणून डिप्लॉयमेंटमध्ये डिपेंड्स ऑन लिहून लिमिट रेंज आणि कोटा आधी बनू द्या.

इथे लोक सगळ्यात जास्त अडकतात, म्हणून हे सविस्तर सांगतो. आमच्या स्टेजिंगवर एका सर्व्हिसच्या तीन रेप्लिका (एकाच पॉडच्या प्रती) होत्या, प्रत्येकीला ५०० एम सीपीयू, आणि मी कोटा बरोबर १५०० एम लावला, तीन गुणिले पाचशे, हिशोब चोख. पहिलं अप्लाय मस्त झालं. दुसऱ्या दिवशी फक्त इमेजचा टॅग बदलला आणि अप्लाय "स्टिल मॉडिफायिंग" म्हणत बसलं, पाच मिनिटं, सात मिनिटं, दहा मिनिटं, आणि शेवटी टाइमआउट. प्लॅन हिरवा होता आणि जुने पॉड व्यवस्थित चालू होते. क्यूबसीटीएलने डिप्लॉयमेंटचे पॉड बघितले तर नवीन पॉडचा पत्ताच नाही, पेंडिंगमध्येसुद्धा नाही. कारण सापडलं ते रेप्लिकासेटला (डिप्लॉयमेंटसाठी पॉड बनवणारा भाग) डिस्क्राइब केल्यावर, खाली इव्हेंटमध्ये स्पष्ट लिहिलेलं, एक्सीडेड कोटा.

झालं असं की रोलिंग अपडेटमध्ये (जुने पॉड टप्प्याटप्प्याने बदलताना) मॅक्स सर्ज (किती जादा पॉड चालतील) आणि मॅक्स अनअव्हेलेबल (किती कमी चालतील) दोन्ही डिफॉल्ट २५ टक्के असतात, पण सर्ज वर राउंड होतो आणि अनअव्हेलेबल खाली. तीनचे २५ टक्के म्हणजे पाऊण, म्हणून सर्ज एक आणि अनअव्हेलेबल शून्य. म्हणजे एक जादा पॉड उभा राहिल्याशिवाय जुना एकही काढायचा नाही, आणि जादा पॉडला कोटा जागा देत नाही. हे आपोआप कधीच सुटत नाही. चार रेप्लिका असत्या तर अनअव्हेलेबल एक आला असता आणि गाडी हळूहळू का होईना पुढे गेली असती. तेव्हा कोटा काढताना सगळ्या रेप्लिका अधिक सर्जचे पॉड असा हिशोब करा, आमच्या केसमध्ये २००० एम. प्लॅन हे सांगू शकत नाही, कारण तो डिप्लॉयमेंटचा कागद तपासतो, पॉड नंतर रेप्लिकासेट कंट्रोलर बनवतो आणि कोटाची अडवणूक तिथे होते.

अप्लाय लटकतं म्हणून काहीजण वेट फॉर रोलआउट (नवे पॉड उठेपर्यंत थांबण्याचं सेटिंग) फॉल्स करून टाकतात. कृपा करून नका करू, मग पाइपलाइन हिरवी आणि सर्व्हिस जुनीच. त्यापेक्षा टाइमआउट्स ब्लॉकमध्ये क्रिएट आणि अपडेट तीन-चार मिनिटांवर आणा. आणि पहिल्यांदा बनवतानाच टाइमआउट झाला तर टेराफॉर्म तो रिसोर्स टेंटेड (बिघडलेला) धरतो, पुढच्या प्लॅनमध्ये पाडून परत बांधणार असं दिसतं. दरम्यान पॉड नीट उठले असतील तर अनटेंट करा (ती खूण काढा), पाडापाडीची गरज नाही.

ऑटोस्केलर (गर्दीप्रमाणे पॉडची संख्या कमी-जास्त करणारा) असेल तर रेप्लिकांचा मालक तो, टेराफॉर्म नाही. लाइफसायकलमध्ये इग्नोर चेंजेस लिहून रेप्लिका सोडून द्या, नाहीतर गर्दीच्या वेळी ऑटोस्केलरने दहावर नेलेला आकडा तुमचं अप्लाय परत तीनवर आणतं. कोटा पण मग त्याच्या कमाल आकड्याला पुरेल एवढा पाहिजे.

नेमस्पेस आधीच हाताने बनवलेली असेल तर टेराफॉर्म १.५ पासून इम्पोर्ट ब्लॉक (आधीच असलेली गोष्ट स्टेटमध्ये आणणारा) आहे, नेमस्पेसला नुसतं नाव आणि कोटाला नेमस्पेस, स्लॅश, नाव असा आयडी द्यायचा. इम्पोर्टनंतरच्या प्लॅनमध्ये "रिप्लेस" हा शब्द दिसला तर तिथेच थांबा. नेमस्पेस रिप्लेस होणं म्हणजे आतलं सगळं जाणं, पर्सिस्टंट व्हॉल्यूम क्लेम (पॉडसाठी मागितलेली कायमची साठवण) सकट. म्हणून नेमस्पेसवर प्रिव्हेंट डिस्ट्रॉय (पाडायला मनाई करणारं सेटिंग) मी इम्पोर्टच्या त्याच कमिटमध्ये लिहितो.