रेस्टिंग पोटेन्शियल: पाठांतर सोडा, आकडे घालून पाहा

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, "पेशी आतून ऋण का असते?" मी तयारच होते. "सोडियम-पोटॅशियम पंपामुळे. ३ सोडियम बाहेर, २ पोटॅशियम आत." सर म्हणाले, "बरं, आत्ता या क्षणी पंप बंद केला. आता विभव किती?" (विभव म्हणजे पेशीच्या आत-बाहेरचा विद्युत फरक; पेशी विश्रांतीत असतानाचं विभव म्हणजेच रेस्टिंग पोटेन्शियल.) मी म्हणाले, "शून्य." सर काही न बोलता पुढच्या प्रश्नाकडे वळले. मला मात्र तो प्रश्न सोडवेना. यंदा पहिल्या वर्षाला आलेल्यांपैकी बरेच जण नेमके इथेच अडतात, म्हणून हे लिहितेय.

पंपाचं खरं काम साठा भरून ठेवण्याचं. त्याच्यामुळे पोटॅशियम आत जास्त आणि सोडियम बाहेर जास्त राहतं. पण नुसत्या साठ्याने विभव ठरत नाही. पेशीच्या पटलातून कोणत्या आयनाला (भारित कणाला) जायला वाट आहे, त्यावर ते ठरतं. विश्रांतीतल्या पेशीत पोटॅशियमचे चॅनेल उघडे असतात. पोटॅशियम बाहेर झिरपतं, धन भार घेऊन जातं आणि मागे आत ऋण भार उरतो. हा ऋण भार पोटॅशियमला मागे ओढतो. दोन्ही ओढी सारख्या झाल्या की तो पोटॅशियमचा नर्न्स्ट विभव.

हे मला वाचून नाही, कॅल्क्युलेटर घेऊन बसल्यावर कळलं. तुम्हीही बसा, अर्धा तास पुरे. उदाहरण स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड ॲक्सॉनचं (चेतातंतूचं) घ्या, कारण हॉजकिन आणि कॅट्झ या शास्त्रज्ञांनी १९४९ मध्ये गोल्डमनचं समीकरण (सगळ्या आयनांचा मिळून विभव काढणारं) त्याच्यावरच वापरलं होतं. पोटॅशियम आत ४००, बाहेर २०. सोडियम आत ५०, बाहेर ४४० मिलिमोल प्रति लिटर. क्लोराइड सध्या बाजूला ठेवा. बाहेरच्या आकड्यांना आपापल्या पारगम्यतेने (पटलातून जायला किती वाट आहे, त्या आकड्याने) गुणून बेरीज वर, आतल्यांची तशीच बेरीज खाली. भागाकाराचा १० च्या पायाचा लॉग घ्या आणि ५८ ने गुणा (हा गुणक साधारण १८ अंश सेल्सिअसचा).

पोटॅशियमची पारगम्यता १ धरा आणि सोडियमची ०. उत्तर −७५ मिलिव्होल्ट. आता सोडियमला ०.०४ द्या, म्हणजे पोटॅशियमच्या पारगम्यतेचा पंचविसावा हिस्सा. उत्तर −६०. एवढीशी फट, आणि १५ मिलिव्होल्टचा फरक! दोन्ही समान धरा, तर जवळजवळ शून्य. सोडियमला २० द्या, +४६. हा आवेगाच्या (पेशीतून धावणाऱ्या विद्युत संदेशाच्या) शिखराचा आकडा. मी त्या रात्री हे चारही आकडे वहीत एकाखाली एक लिहिले आणि बराच वेळ बघत बसले. संहती, म्हणजे आत-बाहेरच्या आयनांचं प्रमाण, एकदाही बदलली नव्हती. बदलली होती फक्त पारगम्यता.

मग सरांच्या प्रश्नाचं उत्तर आपोआप आलं. पंप दर फेरीला एक धन भार जास्त बाहेर टाकतो, त्याचा थेट वाटा बहुतेक पेशींत काही मिलिव्होल्टांचाच. पंप थांबला की तेवढंच लगेच जातं. बाकीचं विभव साठा ओसरेल तसं हळूहळू उतरतं.

पुढे वॉर्डात याचा उपयोग होतो, म्हणून आत्ताच पक्कं करा. शरीराच्या तापमानाला गुणक ६१ धरा, पेशीत पोटॅशियम १४०. रक्तात ४ असेल तर पोटॅशियमचा नर्न्स्ट विभव −९४ येतो, ८ झालं तर −७६. हृदयाच्या स्नायूपेशी विश्रांतीत मुख्यतः पोटॅशियमलाच पारगम्य असल्यामुळे त्यांचं विभवही त्याच्यामागे वर सरकतं. मग सोडियमचे बरेच चॅनेल निष्क्रिय होतात आणि आवेग मंदावतो. किडनीच्या पेशंटचं पोटॅशियम वाढलं की डॉक्टर घाईने ईसीजी का काढतात, ते इथे समजतं.

आता एक गणित तुमच्यासाठी. रक्तातलं सोडियम १४५ वरून १२० वर आलं. आतलं १२ धरा, पोटॅशियम ४ आणि १४०, पारगम्यता तीच ०.०४. विभव जेमतेम ३ मिलिव्होल्ट हलतं. पोटॅशियम फक्त ४ ने वाढल्यावर त्याचा नर्न्स्ट विभव किती हलला होता, ते शेजारी लिहा.