आरव्हीतला फ्रिज थंड होईनासा झाला तेव्हा
अमेरिकेत आम्ही दोघे बारमाही आरव्हीतच, म्हणजे घरासारख्या सोयी असलेल्या मोठ्या गाडीतच राहतो. ॲरिझोनातील क्वार्ट्झसाइटजवळ वाळवंटात मुक्काम असताना प्रोपेन गॅसच्या ज्योतीवर चालणारा फ्रिज थंड होईनासा झाला. ज्योत निळी आणि स्थिर होती, तरी सकाळी आत ठेवलेले दही संध्याकाळपर्यंत आंबून फसफसले. या फ्रिजला कॉम्प्रेसर नसतो. अमोनियाचे द्रावण उष्णतेने वर चढते आणि केवळ गुरुत्वाकर्षणाने खाली उतरते, त्यामुळे गाडी कलती असली की ते नळीतच अडकते. फ्रिजमध्ये पाणसळ (सपाटी तपासायचे बुडबुड्याचे साधन) ठेवली, तर बुडबुडा पार रेघेबाहेर होता. उजव्या चाकांखाली लाकडी फळ्या सरकवून गाडी समतल केली, फ्रिज काही तास बंद ठेवून पुन्हा पेटवला आणि दुसऱ्या सकाळी आत ४ अंश सेल्सिअस तापमान दिसले. कलत्या गाडीत तो चालवत राहिल्यास नळ्या कायमच्या निकामी होऊ शकतात, म्हणून गॅस उघडण्याआधी मी आता पाणसळ लावतो.