गार पाणी दाताला झोंबतं? आधी तुमचा ब्रश बघा

मे महिन्यात रसवंतीत बसून बर्फ घातलेल्या उसाच्या रसाचा पहिला घोट घेतला आणि डाव्या सुळ्यातून कळ थेट मस्तकात गेली. कीड लागली असणार म्हणून घरी येऊन आरशात काळा डाग शोधत बसलो. डाग नव्हताच. हिरडी मात्र वर सरकली होती आणि मुळापाशी पिवळसर पट्टी उघडी पडली होती.

दाताच्या वरच्या भागावर इनॅमलचं कवच असतं, मुळावर नसतं. आतल्या डेंटिन नावाच्या थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या नळ्या असतात, त्यात द्रव असतो. मूळ उघडं पडलं की गार पाण्याने तो द्रव हलतो आणि आतल्या नसेला सणक बसते.

आता तुमचा ब्रश हातात घ्या. केस बाहेर फाकलेत? मग तुम्ही दात घासत नाही, भांडी घासताय. मी तेच करत होतो, वर लहानपणीची मिश्रीची सवय. अशा घासण्यानेच हिरडी सरकते. मऊ ब्रश घ्या, पेनासारखा बोटांत धरा, हिरडीकडे तिरका ठेवून हलकेच फिरवा. मिश्री, राखुंडी, मीठ, कोळसा बंद.

कैरी, लिंबू सरबत, कोला यांच्या आंबटपणाने इनॅमल काही वेळ मऊ पडतं. नुसती चूळ भरा, अर्धा तास तरी ब्रश लावू नका.

नसेची सणक कमी करणारं पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट दिवसातून दोनदा वापरा, नंतर फेस थुंका पण खळखळून चूळ भरू नका. चौथ्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून मी ती फेकणार होतो. फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतात.

कळ आली की मनात आकडे मोजा. घोट गिळल्यावर चार-पाच आकड्यांत थांबली, तर बहुधा हेच दुखणं. तीसच्या पुढेही ठणकत राहिली, गरम चहाही लागला, रात्री जाग आली किंवा चावताना एकाच दाढेत टोचलं, तर कीड नाहीतर तडा असू शकतो. तिथे पेस्ट चालत नाही, दातांचे डॉक्टर गाठा. हिरड्यांतून रक्त येत असेल तरीही जा. दातांची सफाई केल्यावर काही दिवस गार झोंबतं, त्याला घाबरू नका. सफाईने दात सैल होतात, असं आमच्या गल्लीत सगळेच सांगतात. ते खोटं आहे.

सरकलेली हिरडी काही आपोआप परत येत नाही. मी रस अजून पितो, पण बर्फ न घालता.