नागपुरात घर बांधायचे असेल तर आधी मौजा पाहा

बदली होऊन किंवा विमानतळाजवळच्या मिहान या औद्योगिक प्रकल्पातल्या नोकरीसाठी साताऱ्या-कोल्हापूरकडून नागपुरात आलेली मंडळी वर्ष-दोन वर्षे भाड्याच्या घरात काढतात आणि मग एखाद्या रविवारी आमच्याकडे चहाला येऊन विचारतात, "कोणत्या बाजूला प्लॉट घ्यावा?" हा प्रश्न मीही १९९९ साली साताऱ्याहून येथे आलो तेव्हा विचारला होता, आणि प्रत्येकाने आपापल्या रस्त्याचे नाव सांगितले होते. आता पंचवीस वर्षांनंतर माझे उत्तर असे आहे की बाजू हा दुय्यम प्रश्न आहे. एकाच वस्तीतील शेजारशेजारच्या दोन ले-आउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून विकलेल्या जमिनींमध्ये, जितका फरक असतो, तितका वर्धा रोड आणि उमरेड रोड यांच्यात नसतो. म्हणून आधी ले-आउट कसा तपासावा ते समजून घ्यावे आणि मग बाजू ठरवावी.

प्रथम भाषेचा घोळ मिटवू या, कारण त्यात नवीन माणूस हमखास फसतो. आपल्याकडे जमीन गुंठ्यात मोजतात. येथे प्लॉट सरळ चौरस फुटांत सांगतात, आणि तीस बाय पन्नासचा म्हणजे १५०० चौरस फुटांचा प्लॉट हे मध्यमवर्गीय घराचे नेहमीचे माप समजले जाते. गुंठा १०८९ चौरस फुटांचा असल्याने हा प्लॉट साधारण एक गुंठा आणि वर तिसऱ्या हिश्श्याहून थोडा अधिक भरतो. आपण गट नंबर म्हणतो त्या ठिकाणी येथे खसरा नंबर म्हणतात, गावाच्या नावाआधी 'मौजा', म्हणजे महसुली गाव, लावतात आणि तलाठी सज्जाच्या जागी पटवारी हलका क्रमांक लिहितात. शहरी भागात सातबाऱ्याऐवजी 'आखीव पत्रिका', म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, मागावी लागते. हे शब्द पाठ करून घ्यावेत, कारण दलाल 'बेसा' म्हणून जो प्लॉट दाखवतो, तो कागदावर दुसऱ्याच मौजात निघू शकतो, आणि मौजा बदलला की बांधकाम परवानगी देणारे कार्यालय, कर घेणारी संस्था आणि पाण्याचा स्रोत हे सगळेच बदलते.

नागपुरात जमिनीवर सत्ता कोणाची, हे एका वाक्यात सांगता येत नाही. महापालिका आहे, १९३६ पासून चालत आलेला नागपूर सुधार प्रन्यास आहे, आणि शहराबाहेरच्या सातशेहून अधिक गावांसाठी २०१७ पासून नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे. त्याखेरीज बेसा-पिपळा भागाला नगर पंचायत मिळाली, तर हुडकेश्वर आणि नरसाळा ही गावे मागाहून महापालिकेत सामील झाली. त्यामुळे विक्रेत्याला पहिला प्रश्न भावाचा विचारू नये; या खसऱ्याचा ले-आउट कोणी मंजूर केला आणि मंजूर नकाशाची प्रत कोठे आहे, हे विचारावे. नकाशाऐवजी रंगीत माहितीपत्रक पुढे आले तर चहा पिऊन उठावे.

ले-आउट येथे ढोबळपणे दोन प्रकारचे मिळतात. पहिला प्रकार अकृषक परवानगी आणि नगररचना विभागाची मंजुरी घेऊन पाडलेल्या प्लॉटांचा. त्यात रस्ते, मोकळी जागा आणि सार्वजनिक उपयोगाची जागा नकाशावर स्पष्ट असते. दुसरा प्रकार शेतजमिनीवर आधी प्लॉट पाडून विकलेल्या आणि मागाहून गुंठेवारी कायद्याखाली, म्हणजे २००१ च्या महाराष्ट्र गुंठेवारी विकास अधिनियमाखाली, नियमित केलेल्या वस्त्यांचा. नागपुरात हा दुसरा प्रकार फार मोठ्या संख्येने आहे आणि त्यात राहणारी हजारो कुटुंबे सुखाने नांदत आहेत, म्हणून त्याला सरसकट नाकारण्याचे कारण नाही. मात्र तेथे 'आर.एल.' आहे का, हे पाहावे. विकास शुल्क भरल्यानंतर त्या विशिष्ट प्लॉटच्या नावे मिळणाऱ्या नियमितीकरणाच्या पत्राला सगळे नागपूर याच दोन अक्षरांनी ओळखते. "आर.एल. होऊन जाईल, अर्ज टाकला आहे" हे वाक्य आपण येथे शंभरदा ऐकाल, त्या वाक्याची किंमत भावातून वजा करावी, किंवा माझ्यासारख्या भित्र्या माणसाने तो प्लॉट सोडूनच द्यावा.

माझ्या भित्रेपणाला कारण आहे. २००३ मध्ये एका गृहनिर्माण संस्थेच्या ले-आउटमध्ये मी इसार दिला होता. संस्थेचे कार्यालय होते, पावती पुस्तक होते, सचिव महाशय अत्यंत गोड बोलत, आणि प्लॉटवर चुन्याने आखणीही केलेली होती. विक्रीपत्राच्या आठ दिवस आधी एका सहकाऱ्याने आग्रहाने वकिलाकडे नेले, आणि शोध अहवालात निघाले की मला दाखवलेला प्लॉट संस्थेने त्याआधीच दोघांना विकला होता आणि मंजूर नकाशात त्या जागेवर बगीचा होता. इसारातली निम्मी रक्कम दीड वर्षाने परत मिळाली, उरलेली मिळाली नाही. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो की दुय्यम निबंधक कार्यालयातील किमान तीस वर्षांच्या व्यवहारांचा शोध, जमीन कोणत्या वापरासाठी राखली आहे ते सांगणारा झोन दाखला आणि मंजूर नकाशाचा भाग ही तीन कागदपत्रे स्वतःच्या वकिलाकडून काढावीत. विक्रेत्याने दिलेल्या फाइलवर विसंबू नये. भूधारणेच्या रकान्यात भोगवटादार वर्ग २ लिहिलेले असेल, तर शासनाच्या परवानगीविना ती जमीन विकता येत नाही, हेही लक्षात असावे. नव्या ले-आउटच्या बाबतीत, जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी असेल तर प्लॉट विकणाऱ्याला महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची, नोंदणी लागते, आणि तो क्रमांक संकेतस्थळावर घरबसल्या पडताळता येतो.

कागद नीट निघाले की जमिनीकडे वळावे. सह्याद्रीच्या मुरमाड मातीत वाढलेल्या माणसाला काळ्या मातीची खोड ठाऊक नसते. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर उथळ पाया ठेवून बांधलेल्या घराच्या भिंतींना खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपे तडे जातात, आणि मग घरमालक रंगाऱ्याला दोष देत बसतो. नागपूर दख्खनच्या बेसॉल्टच्या पूर्व कडेवर वसलेले आहे. पश्चिमेला सेमिनरी हिल्स आणि गोरेवाड्याकडे खडक व मुरूम बहुतेक ठिकाणी लवकर लागतो. शहराच्या पूर्वेला हा थर संपतो आणि जुना स्फटिकी खडक सुरू होतो, त्यावर मातीचे आवरण जागोजागी जाड आहे. परंतु नकाशावरून अंदाज करत बसण्यापेक्षा प्लॉटच्या दोन टोकांना खड्डे खणून पाहणे शहाणपणाचे. मुरूम किती फुटांवर लागतो त्यावर पायाचा खर्च ठरतो. काळ्या मातीचा थर जाड असेल तर पाया कठीण थरापर्यंत न्यावा लागतो किंवा खाली फुगीर टोक असलेले पाइल घ्यावे लागतात, आणि 'स्वस्त' प्लॉटमध्ये वाचवलेले पैसे जोत्याखाली जातात.

पाण्याचे दोन प्रश्न आहेत: मे महिन्यात मिळेल का, आणि जुलैमध्ये जाईल का. महापालिकेच्या हद्दीत पेंच प्रकल्पाचे आणि कन्हान नदीचे पाणी येते. हद्दीबाहेरच्या कित्येक ले-आउटमध्ये कूपनलिका आणि टँकर यांवर उन्हाळा काढावा लागतो. शेजारी राहणाऱ्या गृहिणीला, विक्रेत्याला नव्हे, मे महिन्यात टँकर किती दिवसांनी बोलवावा लागतो हे विचारावे. दोन मिनिटांत खरे उत्तर मिळते. जाणाऱ्या पाण्याचा प्रश्न अधिक गंभीर आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या जुन्या, प्रतिष्ठित वसाहतींत पाणी शिरले, तेव्हा तळमजल्यावरच्या लोकांना अंथरुणातून उठून पळावे लागले होते. जेथे नाला सर्वांना दिसत होता तेथे ही गत झाली. नव्या ले-आउटमध्ये तर नाला मातीखाली बुजवून त्यावर प्लॉट पाडलेला असू शकतो. त्यासाठी त्या मौजाचा जुना गाव नकाशा काढावा. त्यावर नाले आणि पांधण, म्हणजे शेतांकडे जाणारे, रस्ते दाखवलेले असतात, आणि आपला प्लॉट त्यांच्यावर बसतो का हे सरळ दिसते. दक्षिणेकडे पोहरा नदी आणि उत्तरेकडे पिवळी नदी यांच्या जवळ घर घ्यायचे असेल तर पूररेषाही तपासावी. याखेरीज मुसळधार पावसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तेथे स्वतः जाऊन उभे राहावे. मी आमच्या प्लॉटवर अशा तीन चकरा मारल्या, आणि तिसऱ्या चकरेत पँट गुडघ्यापर्यंत दुमडावी लागली म्हणून जोते रस्त्यापासून ठरलेल्यापेक्षा दीड फूट वर घेतले.

आता बाजूंविषयी. नोकरी मिहान किंवा बुटीबोरीला असेल, तर मनीष नगर, बेलतरोडी, बेसा आणि शंकरपूर यांच्याकडे पाहणे स्वाभाविक आहे. एम्सही मिहानमध्येच आहे, आणि वृद्ध आई-वडील सोबत असतील तर त्याचे महत्त्व कळते. मेट्रोची ऑरेंज लाइन खापरीपासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत धावते, परंतु ती वर्धा रोडच्या बाजूने जाते, आणि या वस्त्या नागपूर-वर्धा रेल्वेमार्गाच्या पलीकडे आहेत. म्हणून 'मेट्रोपासून दहा मिनिटे' या दाव्याची परीक्षा सकाळी साडेनऊला दुचाकीवर बसून घ्यावी. विमानतळ जवळ असल्याने या पट्ट्यात मजल्यांच्या उंचीवरील निर्बंधही वास्तुविशारदाकडून आधी तपासून घ्यावेत. हिंगणा औद्योगिक वसाहतीत काम असेल तर जयताळा, इसासनी आणि वानाडोंगरी सोयीचे. अ‍ॅक्वा लाइनचे लोकमान्य नगर स्थानक त्या बाजूला आहे, आणि समृद्धी महामार्गही शिवमडक्यापासून, म्हणजे त्याच अंगाने, सुरू होतो. काटोल रोडकडे गोरेवाड्याच्या हिरवळीमुळे हवा बरी आहे. उमरेड रोडला दिघोरीच्या पुढे त्याच पैशांत मोठा प्लॉट मिळतो, पण मुलांच्या शाळेची बस तेथवर येते का हे आधी विचारावे. उत्तरेकडे कोराडी आणि खापरखेडा येथील औष्णिक वीजकेंद्रे आणि पूर्वेकडे भांडेवाडीचे कचरा डेपो यांचा विचार वाऱ्याच्या दिशेसह करावा. अशा ठिकाणी संध्याकाळी एकदा आणि पहाटे एकदा जाऊन नाकाची साक्ष घ्यावी.

मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला केंद्राची मंजुरी डिसेंबर २०२२ मध्ये मिळाली आहे, आणि तो बुटीबोरी, कन्हान, हिंगणा व कापसी या दिशांना जाणार आहे. विक्रेते त्याचा भाव आजच लावतात. मी एवढेच पाहतो की आज, या घडीला, ले-आउटच्या दिव्याच्या खांबांवर वीज आहे का, महावितरणचे रोहित्र बसले आहे का, आणि सांडपाणी गटारात जाते की सेप्टिक टँकमध्ये.

प्लॉटची दिशा निवडताना लोक वास्तुशास्त्राचा विचार करतात. तो ज्याचा त्याने करावा. उन्हाचा विचार मात्र सर्वांनी करावा. येथे मे महिन्यात तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते, आणि २३ मे २०१३ रोजी ते ४७.९ पर्यंत गेले होते. पश्चिमेच्या भिंतीला झोपण्याची खोली नको. तेथे जिना, न्हाणीघर किंवा कोठीची खोली घ्यावी. प्रत्येक मोठ्या खोलीला बाहेरच्या बाजूने कूलर बसेल अशी खिडकी, त्याच्या वजनाचा कठडा आणि पाण्याची तोटी नकाशातच दाखवून घ्यावी. आमच्या वास्तुविशारदाने, जे स्वतः पुण्यात शिकले होते, हे केले नाही, आणि पहिल्या उन्हाळ्यात आम्ही लोखंडी घोडीवर कूलर ठेवून बादलीने पाणी भरत होतो. कोरड्या हवेत कूलर फार उत्तम काम करतो; पावसाळा सुरू झाला की तोच घरात दमटपणा भरतो, म्हणून एखाद्या खोलीला वातानुकूलन यंत्राची सोयही ठेवावी.

ठेकेदाराशी बोलताना वाळूला रेती आणि खडीला गिट्टी म्हणावे, म्हणजे तो आपल्याला नवखा समजणार नाही. कन्हानची रेती चांगली समजली जाते, परंतु नदीतून रेती काढण्याचे घाट बंद असले की तिचा भाव अवाच्या सवा चढतो, त्यामुळे ठरावात रेतीचा दर आणि ती कोण आणणार हे लिहून घ्यावे. कोराडी-खापरखेड्याच्या राखेपासून बनलेल्या विटा येथे सहज मिळतात. मातीच्या विटांपेक्षा त्यांचे माप एकसारखे असल्याने गिलावा कमी लागतो.

वेळापत्रक असे बसवावे. उन्हाळ्यात प्लॉट घेऊन भूमी अभिलेख विभागाकडून मोजणी करून घ्यावी, हद्दीचे दगड रोवावेत आणि लगेच कुंपण घालावे, कारण मोकळ्या प्लॉटवर शेजाऱ्याची गिट्टी आधी पडते आणि मग तेथेच राहते. पावसाळाभर फक्त पाणी पाहावे आणि परवानगीचे काम उरकावे. दसऱ्याच्या सुमारास पाया खणायला घ्यावा आणि छताचा स्लॅब फेब्रुवारीच्या आत पडेल असा नेट लावावा. एप्रिल-मे मध्ये स्लॅब टाकला तर दिवसातून तीनदा पाणी मारूनही तो दुपारपर्यंत कोरडा पडतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत टँकरवाला फोन उचलत नाही.