वेगवेगळं लावायचं काम जमतंय? मग बेळगाव-खानापूर-निपाणीकडं कुठली कामं बघायची आणि तयारी कशी करायची

दहावी-बारावी झालेली, आयटीआय केलेली पोरं-पोरी सारखी विचारत असतात की आम्हाला नक्की काय येतंय तेच कळत नाही, मग काम कुठलं मागायचं. त्यातल्या बऱ्याच जणांना एक गोष्ट मस्त येते आणि बायोडाटात ती कुणीच लिहीत नाही, ती म्हणजे समोर ढीग आला की पटापट निवडून वेगळं लावणं. आता नुसतं वेगळं लावायला कुणालाही येतंय ओ, कामाला माणूस टिकतो तो नियम बदलला की हात लगेच बदलणारा. सकाळी साईझप्रमाणं लावत होता, दुपारी सुपरवायझर म्हणाला आता डाग बघून लावा, की निम्मी माणसं तासभर जुन्याच नियमानं लावत बसतात.

आपण त्यातले आहोत का हे आधी घरी बघा. मानसशास्त्रवाल्यांची १९४८ सालापासूनची एक टेस्ट आहे, विस्कॉन्सिन कार्ड सॉर्टिंग टेस्ट, त्यात रंग, आकार आणि संख्या असं बघून कार्डं लावायची असतात पण नियम कुठला ते सांगतच नाहीत, फक्त बरोबर का चूक एवढं सांगतात आणि सलग १० बरोबर आली की गुपचूप नियम बदलतात. खरी टेस्ट तज्ज्ञच घेतात, पण खेळ म्हणून पत्त्यांच्या कॅटवर घरी करता येतंय. बहिणीला सांगा की मनात नियम धर, काळे-लाल किंवा सम-विषम किंवा चित्राचं पान आणि आकड्याचं पान, आणि मी पान टाकलं की फक्त बरोबर-चूक म्हण, मध्येच न सांगता नियम बदल. बदल झाल्यावर तुम्ही किती पानं जुन्याच नियमानं टाकता तेवढं मोजा. स्पीडकडं बघू नका, स्पीड कामावर येतंय. पण नियम बदलला की डोकंच फिरत असेल तर खरं सांगतो, दुसरं काम बघा.

आता कामं. आमच्याकडं पहिलं नाव काजूचं, खानापूर, बेळगाव आणि पलीकडं चंदगड, सगळीकडं काजू फॅक्टऱ्या आहेत आणि ग्रेडिंगच्या टेबलावर जास्त करून बायकाच असतात. ग्रेडचे आकडे आधी पाठ करा. डब्ल्यू म्हणजे पांढरा अख्खा गर आणि पुढचा आकडा म्हणजे एका पौंडात, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅममध्ये जास्तीत जास्त किती गर बसतात ते. डब्ल्यू १८० सगळ्यात मोठा, मग २१०, २४०, ३२०, ४५०, म्हणजे आकडा वाढला की गर बारीक (नवीन माणूस हमखास उलटं धरतो). पण एवढ्यावर भागत नाही. गर मोठा आहे पण भाजताना करपलाय तर तो डब्ल्यूमधून काढून एसडब्ल्यूमध्ये (करपलेला अख्खा गर), दोन पाकळ्या झाल्या तर साईझ कितीही असो वेगळा ढीग, तुकडा झाला तर तुकड्याचेही परत प्रकार. म्हणजे एकाच गराला एकाच वेळी साईझ, रंग आणि अख्खा-फुटका असे तीन प्रश्न विचारायचे असतात, आणि कुठला प्रश्न आधी विचारायचा हे ज्याला कळलं त्याचा हात पळतो. माझ्या मते आधी फुटका का अख्खा, मग रंग, साईझ शेवटी. प्रॅक्टिससाठी घरात शेंगदाणे घ्या नि असेच तीन प्रश्न लावून बघा.

दुसरं, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्र्या, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणारे कारखाने. इथं इन्स्पेक्शनला पोरं लागतात, आयटीआय असेल तर बरंच. कास्टिंग (ओतलेला पार्ट) आलं की ओके, रिवर्क (दुरुस्त करायचं) नाहीतर रिजेक्ट, ढीग तीनच पण सगळी मजा तिथंच आहे. तेवढाच ब्लोहोल (ओतताना हवा अडकून पडलेलं भोक) मशिनिंग होणाऱ्या, म्हणजे मशीनवर कापून साफ करायच्या फेसवर उघडा पडत असेल तर पीस जाऊ शकतो आणि बाहेरच्या कच्च्या बाजूला असेल तर एखादा कस्टमर तो चालवून घेतो, हायड्रॉलिक व्हॉल्व्हची बॉडी असली तर आतल्या पॅसेजजवळचं बारीक भोकसुद्धा लीक होणार म्हणून नको. म्हणजे डिफेक्ट तोच, ढीग वेगळा, आणि ठरवतं कोण तर ड्रॉइंग आणि त्या कस्टमरची लिमिट. म्हणून पार्ट बदलला की पहिल्यांदा त्याचं लिमिट सॅम्पल (कुठपर्यंत चालतंय ते दाखवणारा नमुना) मागून घ्यायचं, कालचं डोक्यात धरून आज काम करायचं नाही. ब्लोहोल, सँड इन्क्लूजन (आत अडकलेली वाळू), कोल्ड शट (धातू नीट न जुळल्याची रेघ), क्रॅक, श्रिंकेज (धातू आकसून पडलेली पोकळी) एवढी नावं आणि प्रत्येकाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. इंटरव्ह्यूत ५ एस (कामाची जागा नीट ठेवायची जपानी पद्धत) हमखास विचारतात, त्यातला पहिला एस म्हणजे सेइरी, लागणारं आणि न लागणारं वेगळं करणं, आणि नक्की ठरत नाही त्याला रेड टॅग लावून बाजूला ठेवणं.

पार्सलच्या कामाला सीमाभागातली माणसं मुळातच पुढं असायला पाहिजेत. पिन कोडचा पहिला आकडा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून सॉर्टिंगचा जिल्हा, शेवटचे तीन पोस्ट ऑफिस. कर्नाटकाचा ५ नं सुरू होतो, महाराष्ट्राचा ४ नं. नुसतं खानापूर लिहिलेलं पार्सल आलं तर आमचं खानापूर ५९१३०२ आणि सांगली जिल्ह्यात विट्याकडं पण खानापूर आहेच, तिकडचे पिन ४१५ नं सुरू होतात, म्हणजे गावाचं नाव सोडा, आकडा बघा. आणि पिनच चुकीचा असला तर उलटं, आकडा सोडून तालुका, जिल्हा, गल्ली बघायची. वर २०१४ च्या नोव्हेंबरपासून सरकारी नाव बेळगावी झालं तरी लोक बेळगाव, बेलगाम काय वाट्टेल ते लिहितात, सगळं एकाच पोत्यात टाकता आलं पाहिजे. मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही अक्षरं वाचता येत असतील तर ते बायोडाटात पहिल्या ओळीत लिहा. पोस्टात ग्रामीण डाक सेवक व्हायचं तर दहावीच्या मार्कांवर मेरिट लागतं आणि स्थानिक भाषा दहावीपर्यंत शिकलेली लागते, त्यामुळं मराठी मीडियमवाल्यांनो कन्नडचा विषय ढकलू नका.

बसून काम पाहिजे असेल तर अकाउंट्स. टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) शिकवणारे क्लास एचएसएन कोड, म्हणजे जीएसटीसाठी प्रत्येक मालाला असलेला नंबर, घाईत उरकतात, पण दुकानदार अडतो तो तिथंच. मिरचीच घ्या, ओली मिरची ०७०९ मध्ये भाजीत जाते, तीच वाळली की ०९०४ मध्ये मसाल्यात. संकेश्वरच्या मिरची व्यापाऱ्याकडं कामाला जाणार असाल तर हे आधी तोंडावर पाहिजे.

लायब्ररीचं काम थोडक्यात सांगतो, जागा कमी निघतात. ड्युईच्या पद्धतीत, म्हणजे पुस्तकांना विषयाप्रमाणं नंबर द्यायच्या पद्धतीत, मराठी साहित्य ८९१.४६ आणि कन्नड ८९४.८१४, कपाटात लांब लांब. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत पण निवडायचं काम असतंय, पण धूळ फार, दमा-खोकला असेल तर जाऊच नका.

कुठल्याही कामाला लागू पडणारी एक गोष्ट, 'इतर' नावाचा ढीग. तो पाहिजेच, पण लहान. इतरचा ढीगच सगळ्यात मोठा व्हायला लागला की समजायचं बाकीचे ढीग चुकीचे पाडलेत, थांबा आणि विचारा. आणि शंकेचा माल गुपचूप कुठंतरी ढकलायचा नाही, बाजूला ठेवून कारण चिठ्ठीवर लिहायचं. ट्रायलला गेलात तर हेच करून दाखवा, सुपरवायझरला ही सवय लगेच दिसते.

जायच्या आधी विचारायचं ते असं: पगार रोजावर का किलोवर, चुकीचं ग्रेडिंग निघालं तर पैसे कापतात का, आणि पीएफ-ईएसआय आहे का. किलोवर असेल तर पहिला आठवडा हातात कमीच पडणार, ते घरी सांगून ठेवा. अजून एक, डोळे तपासून घ्या, नुसता नंबर नाही तर रंग पण. लाल-हिरवा फरक न कळणारी माणसं असतात, पुरुषांत जास्त, आणि कित्येकांना स्वतःला ते माहीतच नसतं. डोळ्यांच्या डॉक्टरकडं ठिपक्यांच्या आकड्यांचं इशिहाराचं पुस्तक असतं, त्यावर काही मिनिटांत कळतंय. त्यात अडचण निघाली तर मिरची किंवा काजूच्या रंगाच्या टेबलापेक्षा पार्सल किंवा अकाउंट्सकडं वळा.