येस्टरडे-टुडे-टुमारो खान्देशात जगवायचं असेल तर

नर्सरीत फेब्रुवारी-मार्चला येस्टरडे-टुडे-टुमारोच्या एकाच झाडावर जांभळी, फिकट आणि पांढरी फुलं दिसली की आपण भुलतो, घरी आणतो आणि मे उजाडेपर्यंत झाड पिवळं पडलेलं असतं. मग सगळे उन्हाला शिव्या घालतात. ऊन आहेच हो, पण खरा घोळ आपल्या काळ्या मातीत आणि बोअरच्या पाण्यात आहे.

हे झाड म्हणजे ब्रुनफेल्सिया, मूळचं ब्राझीलचं, जंगलात मोठ्या झाडांखाली वाढणारं झुडूप, वांगी-मिरचीच्या कुळातलं. त्याला आंबट माती लागते, सामू (पीएच) ५.५ ते ६.५, आणि आपली कपाशीची जमीन ८ च्या आसपास. जमिनीत लोह असतं पण मातीतल्या आणि बोअरच्या पाण्यातल्या चुनखडीमुळे मुळांना उचलता येत नाही, म्हणून कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. खालची जुनी पानं पिवळी पडत असतील तर मात्र बहुतेक नत्र कमी आहे, शेणखत द्या.

म्हणून जमिनीत लावूच नका. १२ इंची कुंडी घ्या, अर्धं कोकोपीट, बाकी कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू, काळी माती अजिबात नको. पावसाचं पाणी टाकीत साठवता आलं तर सोनंच, नाहीतर एसीचं पाणी चालतं. पिवळेपणा आलाच तर लिटरला ३ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि चिमूटभर लिंबूसत (सायट्रिक अॅसिड) घालून संध्याकाळी फवारा. कुंडीत लोह द्यायचं तर कृषी केंद्रात ईडीडीएचए प्रकारचं लोह-खत मागा, दुकानदार ईडीटीए प्रकारचं पुढे करेल, स्वस्त असतं ते, पण चुनखडीच्या पाण्यात टिकत नाही.

जागा पूर्वेची, सकाळचं ऊन १०-११ पर्यंत पुरे. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा हिरवी नेट बांधा आणि पश्चिमेची लू अडवा, कुंडीत वरून केळीचा वाळका पाला पसरा. फुलं जांभळी उमलून दोन-तीन दिवसांत पांढरी होतात, रोग नाही तो. छाटणी बहर संपल्या संपल्याच करा, उशीर केला तर पुढचा बहर जातो.

घरात कुत्रा असेल तर फळं-बिया लगेच तोडून टाका, खाल्ल्या तर त्याला झटके येतात, जीवही जाऊ शकतो. लहान पोरांपासूनही लांबच ठेवा.

नवीन रोप हवं असेल तर पावसाळ्यात अर्धवट पक्व (ना कोवळी, ना जून) फांदी कापून ओल्या कोकोपीटमध्ये खोचा, वरून पॉलिथिन झाका. मुळं फुटायला बराच वेळ लागतो, रोज उपटून बघत बसू नका.