जुनी मोटार, देणगी आणि कलम ८०जी

साताऱ्यातील एखाद्या वृद्धाश्रमाला जुनी मोटार देऊन ३१ मार्चपूर्वी करसवलत मिळवण्याचा विचार असेल, तर आधी हे जाणून घ्यावे की देणगीवरील करवजावटीच्या तरतुदीखाली (प्राप्तिकर कायदा, १९६१ चे कलम ८०जी; १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा, २०२५ चे कलम १३३) वस्तुरूप देणगीला वजावट मिळत नाही. म्हणून मोटार विकून आलेली रक्कम धनादेशाने किंवा बँकेमार्फत संस्थेला देणे हाच सरळ मार्ग होय. २,००० रुपयांहून अधिक रोख देणगी वजावटीस पात्र ठरत नाही. संस्थेची ८०जी नोंदणी तपासावी आणि साध्या पावतीवर समाधान न मानता देणगीचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र (१९६१ च्या कायद्याखाली नमुना १०बीई) मागून घ्यावे. बहुतेक संस्थांच्या बाबतीत देणगीची निम्मीच रक्कम, तीही उत्पन्नाशी निगडित मर्यादेत, वजा होते. नवी करप्रणाली निवडणाऱ्यांना तीसुद्धा नाही.

संस्थेला गाडीचीच निकड असेल, तर माझ्या मते कराचा हिशेब सोडून ती खुशाल द्यावी. मात्र नमुना २९ व ३० भरून, नोंदणी ज्या परिवहन कार्यालयात आहे (सातारा एमएच ११, कराड एमएच ५०) तेथे मालकी संस्थेच्या नावे करून घ्यावी आणि फिटलेल्या कर्जाचा बोजा नमुना ३५ ने उतरवावा. नुसती किल्ली देऊन मोकळे झाल्यास पुढील अपघाताच्या भरपाईचा दावा नोंदणीकृत मालकावरच येऊ शकतो.